तिसऱ्या दिवशीही जंतू दिसतायत, औषध फेल गेलं का?

प्रश्न: मुलगा ४ वर्षांचा, फाल्सिपेरम मलेरिया (मलेरियाचा गंभीर होऊ शकणारा प्रकार) निघाला. ३ दिवसांच्या गोळ्या दिल्या, ताप उतरला पण तिसऱ्या दिवशीच्या स्मिअरमध्ये (काचेवर रक्त घेऊन केलेल्या तपासणीत) अजून थोडे जंतू आहेत. एक डोस त्याने लगेच ओकून टाकला होता. रेझिस्टन्स (जंतूंवर औषध न चालणं) तर नाही ना?

उत्तर: ताई, एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. आधी त्या ओकलेल्या डोसचं बघा, तासाभरात उलटी झाली तर तो डोस परत द्यावा लागतो, आणि तो दिला नसेल तर डॉक्टरांना आजच सांगा. गोळी आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन (दोन औषधं एकत्र असलेली) असेल तर ती दुधासोबत द्यायची, स्निग्ध पदार्थाशिवाय ल्युमेफँट्रिन अंगात नीट शोषलंच जात नाही (हे घरी कुणी सांगतच नाही!).

आता रेझिस्टन्स. या गोळ्यांतलं आर्टेमिसिनिन गटातलं औषध (जसं आर्टेमेथर) जंतू झपाट्याने कमी करतं, उरलेसुरले मारायचं काम जोडीचं औषध (जसं ल्युमेफँट्रिन) करतं. के-१३ नावाच्या जीनमध्ये बदल झालेले जंतू आर्टेमिसिनिन देऊनही रक्तातून हळू जातात, हे आधी कंबोडियात दिसलं, नंतर रवांडा-युगांडातही. पण जोडीदार औषध चालत असेल तर मूल तरीही बरं होतं. लहान मुलांची मलेरियाविरुद्धची प्रतिकारशक्ती कच्ची असते, म्हणून औषध कमी पडायला लागलं की फटका आधी त्यांना बसतो.

स्मिअर पुन्हा करून घ्या आणि २८ दिवस लक्ष ठेवा. मधे ताप आला, किंवा झटके, सुस्ती, सारख्या उलट्या असं काही दिसलं तर थेट हॉस्पिटल, घरी उरलेल्या गोळ्या देत बसू नका.