उरलेला बोल्ट

हर्णै परिसरातल्या एका आईंचं पत्र: 'मुलगा बारावी सायन्सला आहे. यंदा वणव्यात आमची काजूची कलमं गेली. तेव्हापासून तो मोबाईलवर आगीवर पाणी टाकणारी हेलिकॉप्टरं बघतो नि म्हणतो, मला यांचा मेकॅनिक व्हायचंय. पण ती पडतात हो. उद्या याच्या हातच्या चुकीने माणसं गेली तर? मागे दिरांच्या होडीचं मशीन जोडताना एक बोल्ट उरला, तर रात्री दोनला उठून याने सगळं पुन्हा खोललं. एवढं धास्तावणारं पोर तिथे टिकेल का?'

ताई, नमस्कार. कलमांचं वाचून फार वाईट वाटलं.

तुमची भीती खरी आहे. आगीवरचं उड्डाण हेलिकॉप्टरला भारी पडतं. तापलेली हवा विरळ असते. तीत पात्यांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकदही घटते. खाली बादलीत पाणी, लिटरमागे एक किलो. भरायचं, उचलायचं, ओतायचं, परत फिरायचं. दर फेरीला गिअरबॉक्सवरचा, म्हणजे इंजिनाची ताकद पात्यांपर्यंत पोचवणाऱ्या दातेरी चाकांच्या पेटीवरचा, ताण चढतो-उतरतो, आणि धातू अशानेच थकतो, आतून तडकत जातो. धूर-राख इंजिनात ओढली जाते. बादली समुद्रात बुडवली तर खारं पाणी लोखंडाचं काय करतं, ते हर्णैच्या माणसाला मी काय सांगणार! इंजिन बंद पडलं तरी पाती हवेच्या झोतावर फिरती ठेवून उतरता येतं, पण त्याला हाताशी उंची किंवा वेग लागतो. आगीवर बऱ्याचदा दोन्ही नसतात.

यंत्र पुष्कळदा आधी सांगतं. गिअरबॉक्सच्या तेलात चुंबकाचा प्लग असतो; दाते किंवा बेअरिंग झिजू लागलं की धातूचे कण त्याला चिकटतात. कधी सांगतही नाही. २९ एप्रिल २०१६ रोजी नॉर्वेत एका हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समधलं एक दातेरी चाक थकून तुटलं, १३ जण गेले, आधी इशारा मिळाला नव्हता. हे तुमच्यापासून लपवणार नाही.

पण मला जास्त अस्वस्थ करते ती दुसरी घटना. ५ ऑगस्ट २००८, कॅलिफोर्निया. वणवा विझवणाऱ्या जवानांना घेऊन एक हेलिकॉप्टर डोंगरावरून उडालं आणि लगेच कोसळलं. ९ जण गेले. तपासात निघालं की हेलिकॉप्टरचं वजन कागदावर मुद्दाम कमी दाखवलं होतं, इंजिनाची ताकद किती मिळेल हे सांगणारा तक्ताही बदललेला होता. वैमानिकांनी हिशेब केला तो त्याच खोट्या आकड्यांवर.

म्हणून, ताई, तो बोल्ट मला फार मोलाचा वाटतो. कुणी बघत नसताना रात्री दोनला मशीन खोलणारा मुलगा खोट्या कागदावर सही करणार नाही. या कामात 'आज हे उडणार नाही' म्हणावं लागतं. समोर आग असते, वरिष्ठ घाई करत असतात, तरीही. धास्ती त्याला तिथे उपयोगी पडेल. मात्र एकदा तपासल्यावर तो शांत झोपतो का, ते तुम्हीच बघा. झोपत नसेल, तर घाई करू नका.

वाट अशी: बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. मग डीजीसीएची (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) मान्यता असलेल्या संस्थेत एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरिंग, त्यात बी१.३ हा गट, म्हणजे टर्बाइन इंजिनाची हेलिकॉप्टरं. पुढे लायसन्स, आणि 'हे उडायला योग्य आहे' अशी सही करायचा अधिकार मिळायला त्या त्या जातीच्या हेलिकॉप्टरचं वेगळं प्रशिक्षण. यात वर्षं जातात, पैसाही. प्रत्यक्ष हेलिकॉप्टरवरचं काम कुठे मिळणार, हे संस्थेकडून लेखी घ्या. पुष्कळ मुलं तिथेच अडकतात.

एक गोष्ट त्यालाही सांगा. आपल्याकडे वणव्यावर पाणी टाकायला हवाई दलाची एमआय-१७ हेलिकॉप्टरं जातात. २०२४च्या एप्रिलमध्ये त्यांनी भीमतालच्या तलावातून पाणी उचलून नैनितालजवळची आग विझवायला मदत केली. नागरी लायसन्सवरची नोकरी बहुधा जुहूसारख्या ठिकाणी, समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं नेणाऱ्या हेलिकॉप्टरांवर मिळेल. आगीचंच काम हवं असेल, तर हवाई दलाच्या तांत्रिक भरतीची माहितीही आत्ताच काढा.

फी भरण्याआधी संस्थेचं नाव डीजीसीएच्या यादीत स्वतः बघा, बी१.३साठी मान्यता आहे का तेही. आणि मला कळवा.