"किती ओढायचे?" हा प्रश्न डॉक्टरांचा, काकांचा नाही

प्रश्न: ताई, मी नागपूरच्या महाल भागात राहते. बाबा 66 वर्षांचे आहेत, मिलमध्ये रात्रपाळी करायचे तेव्हापासून बिडी, मग सिगरेट. पाच वर्षं झाली सोडून. दिवाळीनंतर खोकला काही जाईना म्हणून सीटी स्कॅन केलं तर फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, केमो सुरू आहे. आता जो येतो तो पहिले हेच विचारून राहिला की किती ओढायचे. परवा मोठे काका आले, आमच्याच घरची संत्री सोलून खाता खाता म्हणे, "तेव्हा ऐकलं नाही, आता भोगा." बाबा काही बोलले नाही, सालं गोळा करून आत जाऊन झोपले. अन् काका जाताना जिन्यातच खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पन्नी घोटत होते! बाबा आता लग्नाकार्यात येत नाही, कोणी विचारलं तर "छातीत पाणी झालं" सांगतात. मागच्या आठवड्यात खोकल्यातून रक्त आलं तो रुमाल त्यांनी लपवला, मला धुण्यात सापडला. खरं सांगू, मलाही राग येतो त्यांचा, आई सांगून सांगून थकली होती. लोकांना काय सांगू आणि या रागाचं काय करू?

उत्तर: पहिले तो रुमाल. आजच डॉक्टरांना फोन करून सांग, आणि रक्त जास्त पडलं किंवा दम लागला तर फोनबिन राहू दे, सरळ कॅज्युअल्टीत ने. लोकांच्या बोलण्याचं खरं नुकसान हेच असतं बघ, माणूस नुसता लाजत नाही तर त्रासही लपवायला लागतो, दुखतंय म्हणून सांगत नाही, आपल्याच करणीची फळं आहेत तर कुरकुर कशाला करायची असं त्याला वाटतं.

"किती ओढायचे" हे डॉक्टरही विचारतात, पण त्यांना हिशेब हवा असतो. रोज 20 सिगरेटी म्हणजे एक पाकीट, तसं 30 वर्षं चाललं तर 30 पॅक-इयर, आणि पुढचं काही ठरवताना तो आकडा त्यांच्या कामाचा असतो. काका त्या आकड्याचं काय करणार?

आणि बाबांनी सुरुवात केली तो काळ आठव. 1975 च्या कायद्याने इशारा आला तो सिगरेटच्या पाकिटावर, बिडी त्या कायद्यात नव्हतीच. बंडलावर चित्राचा इशारा यायला 2009 उजाडलं. रात्रपाळीत झोप मोडायला चहा आणि बिडी, सगळेच ओढायचे. धूर आत घेतला की काही सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं, म्हणून ही सवय इतकी घट्ट बसते, आणि तरी तुझ्या बाबांनी सोडली. ते कोणी विचारलं का त्यांना, कशी सोडली म्हणून?

काही जण अशा वेळी म्हणतात की न ओढणाऱ्यांनाही हा कॅन्सर होतो. होतो, खरं आहे, हवेतल्या प्रदूषणानेही होतो. पण मला हा बचाव आवडत नाही, कारण त्यातून ओढणारा पेशंट पुन्हा एकटा पडतो, जणू न ओढणाऱ्याचं दुखणं खरं आणि याचं कमावलेलं. तंबाखूने झाला असेल तर झाला, केमोची मळमळ तेवढीच होते ना!

तुझा राग मात्र मला कळतो. तो खोटा नाही, आईने काढलेल्या वर्षांचा आहे. तो माझ्याकडे काढ, मैत्रिणीकडे काढ, हॉस्पिटलात समुपदेशक असतील तर त्यांच्याकडे काढ, फक्त बाबांसमोर सध्या नको, कारण रुमाल लपवणारा माणूस स्वतःला रोज तेच ऐकवून राहिलाय.

लोकांना काय सांगायचं ते बाबांना विचार. त्यांना "छातीत पाणी" म्हणायचं असेल तर म्हणू दे, दूरच्यांना सगळं सांगायला आपण बांधील नाही. जवळच्यांना तू एवढंच सांग, "कॅन्सर आहे, केमो सुरू आहे, शनिवारी डबा आणता का?" काम दिलं की अर्धे लोक चौकशी विसरतात, आणि उरलेले अर्धे येणं बंद करतात, तेही बरंच आहे.

काका पुन्हा आले तर बाबांच्या खोलीत शिरायच्या आधी दारातच थांबव आणि तंबाखू सोडायच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर दे, 1800-11-2356, फुकट आहे. खर्ऱ्यालाही चालतो.