आठवड्याला एकच चूक

वाचक विचारतात

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. गुहागर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी दोन वर्षांपासून इंग्रजी शिकवते. नववीच्या वर्गात 48 मुलं आहेत. दर सोमवारी इंग्रजी लेखनाचा एक स्वाध्याय देते आणि शनिवारी वह्या गोळा करते. निम्म्या वह्यांत गाइडमधला निबंध असतो, बाकीच्यांत मोबाइलवरून उतरवलेला. जी चार-पाच मुलं स्वतःचं लिहितात त्यांच्या चुका एवढ्या, की वही लाल होते. माझा रविवार वह्यांतच जातो. शाळेचं भित्तिपत्रकही माझ्याकडे आहे. त्यावर सुविचार आणि जयंत्या-पुण्यतिथ्या यांपलीकडे काही लागत नाही. हा दर आठवड्याचा स्वाध्याय बंद करावा का?

उत्तर : बंद करू नका. तुमचं पत्र वाचून मला माझी पहिली सात-आठ वर्षं आठवली. मी दापोली तालुक्यात, समुद्राजवळच्या एका शाळेत 31 वर्षं इंग्रजी शिकवलं. सुरुवातीला मीही ‘अ रेनी डे’, ‘माय फेव्हरिट सीझन’ असेच विषय द्यायचे. एका मुलीने पावसावर स्वतःच्या मनाने पानभर लिहून आणलं. वडील बोटीवर असताना वारा सुटला, आई रात्रभर दारात बसून होती, असं काहीसं त्यात होतं. मी त्या पानावर 37 लाल गोल केले. मोजून केले, कारण खाली आकडाही घातला होता. पुढच्या आठवड्यात तिने गाइडमधला निबंध उतरवून आणला. त्यात एकही चूक नव्हती. मी ‘व्हेरी गुड’ लिहिलं. तिला उतरवून काढायला मीच शिकवलं, हे माझ्या लक्षात यायला फार वर्षं गेली, आणि त्याची खंत मला आजही आहे.

तेव्हा आधी विषयाचं बोलू. ज्याचं उत्तर गाइडात नाही आणि मोबाइलातही नाही, असाच विषय द्यायचा. आमच्या शाळेतली बरीच मुलं हर्णैच्या बाजूची. तिथे किनाऱ्यावरच मासळीचा लिलाव होतो. एका बुधवारी मी सांगितलं, आज संध्याकाळी लिलावाला जाऊन उभे राहा आणि इंग्रजीत फक्त पाच वाक्यं लिहून आणा. एका मुलाने लिहिलं, ‘फिश वॉज व्हेरी कॉस्टली.’ मी खाली चूक काढली नाही, प्रश्न लिहिला : ‘हाऊ मच?’ तो दुसऱ्या दिवशी परत गेला आणि बांगड्याची टोपली 900 रुपयांना गेली, आदल्या दिवशी 600 ला गेली होती, असं लिहून आला. मी विचारलं, ‘व्हाय?’ तो तिसऱ्यांदा गेला. वारा जोराचा असल्यामुळे निम्म्या होड्या बाहेरच पडल्या नव्हत्या, असं त्याला एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, सांगितलं. ती पाच वाक्यं चुकांसकट बातमी झाली होती. कोणी, काय, कुठे, केव्हा, का, किती, हे सगळं त्यात होतं आणि त्यातलं एकही वाक्य दुसऱ्या कुणाच्या वहीत सापडलं नसतं.

जूनचं मात्र वेगळं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, बंदर सुनं असतं. मग जाळी दुरुस्त करणाऱ्यांकडे मुलांना पाठवा. जाळं कसं शिवतात हे सहा वाक्यांत लिहायचं, आधी काय, मग काय, शेवटी काय. शेतीची घरं असतील तिथे भाताची लावणी. आंब्याला मोहोर धरला की बाग राखणाऱ्याची दिनचर्या. एप्रिल-मेमध्ये शाळा सुटायच्या आत आंब्याची पेटी कशी भरतात ते. वर्षाचे 30-32 स्वाध्याय आपल्या पंचक्रोशीतच निघतात.

आता लाल पेन. आठवड्याला एकच चूक काढायची. वहीत 37 चुका असतील तर 36 सोडून द्यायच्या, आणि त्या सोडताना हात आवरावा लागतो, हे मी जाणून आहे. पहिला आठवडा फक्त भूतकाळाच्या क्रियापदांचा. दुसरा फक्त माणसांच्या नि गावांच्या नावांच्या पहिल्या कॅपिटल अक्षराचा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ‘अ’ आणि ‘द’. सोमवारी स्वाध्याय देतानाच सांगून टाका, या शनिवारी मी एवढंच बघणार. मुलं तेवढं स्वतः तपासून आणतात.

रविवारचा हिशेबही तसाच मांडा. 48 वह्या नीट वाचायच्या तर दहा-दहा मिनिटं धरली तरी आठ तास होतात. कोणी एवढे तास वाचू शकत नाही, आणि वाचले तर चाळिसाव्या वहीला न्याय मिळत नाही. वर्गाचे बारा-बाराचे चार गट करा. लिहायचं सगळ्यांनी, पण दर आठवड्याला एकाच गटाच्या बारा वह्या सावकाश वाचायच्या. दोन तासांत होतात. बाकीच्या 36 वह्यांत ठरलेली एक चूक बघायची आणि सही करायची. महिन्याभरात प्रत्येक मुलाला तुमची दहा मिनिटं मिळतात. आणि त्या दहा मिनिटांत वहीखाली एक प्रश्न लिहायचा, शेरा नव्हे. शेरा वाचून मूल वही मिटतं, प्रश्न वाचून ते पुन्हा घराबाहेर पडतं.

बातमीतून व्याकरण किती सोपं होतं, हे तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘अ’ आणि ‘द’ आपल्या मुलांना जड जातात, कारण मराठीत तसं काही नाहीच. नियम पाठ होतात आणि लिहिताना गळतात. पण बातमीत बघा : ‘अ बोट सँक निअर द जेटी. द बोट हॅड फोर मेन ऑन इट.’ पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वाचणाऱ्याला ती बोट ठाऊक नव्हती, म्हणून ‘अ’. दुसऱ्या वाक्यात ती ओळखीची झाली, म्हणून ‘द’. मी वर्गात म्हणायचे, पाहुणा दारात उभा आहे तोवर ‘अ’, पाटावर बसला की ‘द’. ‘जेटी’ला पहिल्यापासूनच ‘द’ का, असं एका मुलीने विचारलं. गावात एकच जेटी होती, सगळ्यांच्या ओळखीची. उत्तर तिचं तिनेच दिलं.

‘इनडायरेक्ट स्पीच’ही तसंच. ‘टुमारो’चं ‘द नेक्स्ट डे’ करा, ‘विल’चं ‘वुड’ करा, हे मुलं मंत्र म्हणावा तसं म्हणतात. पण तांडेल बुधवारी म्हणाला, ‘उद्या निघणार’, आणि भित्तिपत्रक लागलं शनिवारी. शनिवारी वाचणाऱ्याचा ‘उद्या’ म्हणजे रविवार. मग तांडेलाचा ‘उद्या’ तसाच ठेवून कसं चालेल? हे पटलं की नियम पाठ करावा लागत नाही.

वाक्यरचनेचं एकच सांगते. आपलं क्रियापद शेवटी येतं, म्हणून मुलं ‘आय येस्टरडे टू मार्केट वेन्ट’ लिहितात. त्यांना इंग्रजी वाक्य भरायला चार खण आखून द्या : कोणी, काय केलं, कुठे, केव्हा. मराठीत विचार करताना आपण बहुधा कोणी, केव्हा, कुठे, काय केलं, या क्रमाने जातो. दोन्ही क्रम फळ्यावर एकाखाली एक लिहिले की फरक डोळ्यांना दिसतो.

मोबाइलचं भांडण घालू नका. वही हातात घेतली की एवढंच विचारा : ‘तू कुणाला भेटलास? ते काय करत होते तेव्हा?’ जो गेला होता तो सांगत सुटतो. जो गेला नव्हता तो खाली बघतो. त्याला रागावायचं नाही, सोमवारपर्यंत जाऊन ये म्हणायचं. शब्दाचा अर्थ मोबाइलवर बघितला तर बघू दे.

भित्तिपत्रक हा या सगळ्याचा जीव आहे. फक्त बाईंनी वाचायचं म्हणून कोणीही मनापासून लिहीत नाही. तुमच्या भित्तिपत्रकाचे उभे दोन भाग करा, एकीकडे मराठी, एकीकडे इंग्रजी, बातमी तीच. यात नवीन काही नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 ला ‘दर्पण’ सुरू केलं ते असंच, एका स्तंभात मराठी आणि शेजारी इंग्रजी. बाळशास्त्री आपल्याच कोकणातले, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. मुलांना हे सांगा. 6 जानेवारीला आपण पत्रकार दिन पाळतो, त्या दिवशी नुसती भाषणं करण्यापेक्षा दोन भाषांतला अंक लावा. दहावीच्या मराठीत बातमीलेखन आहेच, त्याचीही तयारी होते. बातमी लिहिताना सगळ्यात महत्त्वाचं पहिल्या वाक्यात यावं, जागा कमी पडली तर शेवटचं वाक्य कापता यावं. कागद खरोखरच छोटा असेल तर मुलं हे आपोआप शिकतात.

एक जपा. गावात लिहायचं तर गावातच राहायचं असतं. आमच्या एका मुलीने दोन घरांतल्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, भांडणाची बातमी आणली, पायवाट बंद झाल्याची. चांगली लिहिली होती, पण एकाच घराचं ऐकून. मी तिला दुसऱ्या घरी पाठवलं. ती घाबरली होती, म्हणून मीही बरोबर गेले आणि अंगणात उभी राहिले. त्या घरच्या आजींनी तिला चहा दिला आणि जुना कागद दाखवला. नंतर आम्ही ती बातमी लावली नाही, कारण दोन्ही घरांना ती नको होती. तिने लिहिलेलं मी तपासलं मात्र पूर्ण. कुणाच्या घरातलं दारूचं, कर्जाचं, आजारपणाचं भिंतीवर जाणार नाही, आणि ज्याचं नाव छापायचं त्याला आधी विचारायचं, एवढं पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा कोरोनामुळे शाळा बंदच होत्या. वादळानंतर वीज गेली, मोबाइल बंद पडले. तरी मी निरोप पाठवला होता की जमेल तेव्हा कागदावर चार वाक्यं लिहा. दूधवाल्याच्या हाती कागद यायला लागले. एकाने लिहिलं होतं, ‘अवर वाडी हॅड 64 पोफळी. नाऊ 9 आर स्टँडिंग. माय ग्रँडफादर इज नॉट टॉकिंग.’ ‘पोफळी’ला, म्हणजे सुपारीच्या झाडांना, त्याला इंग्रजी शब्द सापडला नव्हता. मी तो तसाच राहू दिला.

प्रश्न : मी बोटीवर खलाशी आहे. मुलगी आठवीत आहे. शाळेतून इंग्रजीत बातमी लिहायला सांगतात म्हणून मला प्रश्न विचारत बसते. मला इंग्रजी येत नाही. शेजारी म्हणतात शिकवणी लावा. काय करू?

उत्तर : भाऊ, शिकवणीचं नंतर बघू. तुम्हाला जे येतं तेच तिला हवं आहे. किती वाव पाण्यात जाळं टाकलं, किती वेळाने ओढलं, बर्फ किती लागला, वारा कुठून होता, हे तिला मराठीतच, पण नेमकं सांगा. ‘खूप’, ‘बरंच’ म्हणू नका, आकडा सांगा. तिने इंग्रजीत लिहिलं की तुम्हाला वाचून दाखवायला सांगा, आणि मग त्याचं मराठी करून सांगायला सांगा. मराठीत सांगताना जिथे अडेल ते वाक्य तिचं नाही, कुठून तरी उचललेलं आहे. तिथे थांबवा आणि म्हणा, हे तुझ्या शब्दांत लिही. एवढ्याला इंग्रजी लागत नाही. आणि पहाटे बंदरावरून थकून आला असाल तर तिला स्पष्ट सांगा, संध्याकाळी विचार. बातमी आणणाऱ्याला थांबावं लागतं, तेही तिने शिकू दे.

प्रश्न : बाई, मी नववीत आहे. वेंगुर्ले तालुक्यातल्या एका छोट्या वाडीत राहतो. दर आठवड्याला बातमी लिहायची असते, पण आमच्याकडे काहीच घडत नाही. कशाची बातमी लिहू?

उत्तर : बाळा, रात्री तुमच्याकडे वस्तीची एसटी येते का? येत असेल तर उद्या पहाटे ती सुटायच्या आधी वही घेऊन जा. चालककाकांना नमस्कार कर आणि तीन गोष्टी विचार : रात्री कुठे झोपलात, जेवण कुणी दिलं, आणि पहिल्या फेरीला रोज कोण कोण चढतं. ते गाडी सुरू करायच्या घाईत असतील तर वाहककाकांना विचार. गाडीत चढणारी माणसं मोज. त्यात बाजाराला मासे घेऊन जाणारी काकी असेल, दवाखान्याला निघालेलं कुणी असेल, कॉलेजची मुलं असतील. त्यांतल्या एकाला विचार की ही गाडी एक दिवस आली नाही तर तुम्ही काय करता.

येत नसेल, तर कधीपासून येत नाही ते घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचार, आणि मग पंचायतीत जाऊन विचार. दोन उत्तरं वेगळी आली तर दोन्ही लिही, कोण काय म्हणालं त्यासकट.

सहा वाक्यं पुरेत. पहिल्या वाक्यात आकडा यायला हवा.