रास्पबेरी पायचं लॉगिन अडतं तेव्हा

प्रश्न : द्राक्षबागेतल्या हवामानकेंद्रासाठी रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक) घेतलाय. जुन्या पुस्तिकेप्रमाणे युजर ‘पाय’ आणि पासवर्ड ‘रास्पबेरी’ टाकतो, तर ‘परमिशन डिनाइड’ येतं. मेमरी कार्ड दोनदा फॉरमॅट करून झालं. (बागायतदार, तासगाव)

उत्तर : आता फॉरमॅट करू नका, कार्डाचा दोष नाही. एप्रिल २०२२ पासून रास्पबेरी पाय ओएसमध्ये, म्हणजे त्याच्या कार्यप्रणालीत, हा तयार युजर ठेवलेलाच नाही. जगाला ठाऊक असलेला पासवर्ड घेऊन यंत्रं नेटवर्कवर बसवणं धोक्याचंच होतं. बदल योग्य झाला. फसगत होते ती अशी की युजर अस्तित्वात नसला तरी एसएसएच (नेटवर्कवरून दूरच्या यंत्रात लॉगिन करण्याची सोय) पासवर्ड विचारतंच. कोणती नावं खरी आहेत याचा पत्ता परक्याला लागू नये म्हणून. इमेजरमधून (कार्डावर ओएस लिहिणारं सॉफ्टवेअर) कार्ड लिहितानाच सेटिंगमध्ये स्वतःचं युजरनेम आणि पासवर्ड द्या, एसएसएच तिथेच सुरू करा.

प्रश्न : यंत्राला मॉनिटर-कीबोर्ड जोडून पासवर्ड ठरवला. तिथे लॉगिन होतं, ऑफिसच्या लॅपटॉपवरून तोच पासवर्ड चालत नाही. (वर्कशॉपचालक, कुपवाड एमआयडीसी)

उत्तर : पासवर्डमध्ये @ किंवा # आहे का? पाय ओएसची मूळ मांडणी ब्रिटिश असते आणि आपल्या बाजारातले कीबोर्ड बहुतेक अमेरिकन मांडणीचे. ब्रिटिश मांडणीत शिफ्ट धरून २ दाबलं की @ ऐवजी दुहेरी अवतरणचिन्ह उमटतं, ३ दाबलं की # ऐवजी पौंडाचं चिन्ह. पासवर्ड टाइप करताना काही दिसत नाही, त्यामुळे ठरवताना आणि लॉगिन करताना तीच चूक होते आणि यंत्रासमोर सगळं सुरळीत वाटतं. लॅपटॉप मात्र खरा @ पाठवतो.

खात्री करायला मॉनिटरवर युजरनेमच्या जागी ही चिन्हं टाइप करून बघा, एंटर न दाबता खोडून टाका. मग रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये, लोकलायझेशनखाली, कीबोर्ड यूएस करा आणि पासवर्ड नव्याने ठरवा. पासवर्ड बदलण्याची आज्ञा सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवणं) लावून द्या. नाहीतर यंत्र जुना पासवर्ड मागेल, आणि नव्या मांडणीत जुन्या कळांनी तो उमटणार नाही.

प्रश्न : पासवर्ड विचारतच नाही. थेट नकार येतो, कंसात फक्त ‘पब्लिक-की’. (सातारा)

उत्तर : या कंसाकडे फार कमी लोक बघतात, पण निदान तिथेच असतं. सर्व्हर ज्या पद्धती स्वीकारतो त्यांची ती यादी. त्यात ‘पासवर्ड’ नाही, फक्त ‘पब्लिक-की’ (किल्लीच्या फाइलने ओळख पटवणं) आहे, म्हणजे पासवर्डने लॉगिन बंद केलेलं आहे. तुमचा पासवर्ड कुणी तपासलेलाच नाही. मॉनिटर लावून एसएसएचडीच्या (यंत्रावर चालणारा एसएसएचचा सर्व्हर) कॉन्फिग फाइलमध्ये ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन’ची ओळ बघा. तिथे ‘येस’ असूनही नकार येत असेल, तर शेजारच्या ‘डॉट डी’ फोल्डरमधल्या फाइल्स उघडा. पाय ओएस ज्या डेबियनवर बेतलेली आहे, तिच्या फाइलमध्ये त्या आधी वाचल्या जातात आणि एसएसएचडी पहिलं सापडलेलं मूल्य धरतं. बदलानंतर सर्व्हिस रीस्टार्ट करा.

प्रश्न : दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर रूट (सर्वाधिकार असलेला युजर) म्हणून सिरियल केबलने आत जातो, एसएसएचने नाही. (विद्यार्थी, कराड)

उत्तर : एसएसएचचं प्रचलित सॉफ्टवेअर ओपनएसएसएच, त्याच्या ७.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, रूटला पासवर्डने येऊ न देणं हीच मूळ सेटिंग आहे. साधा युजर तयार करून त्याला सुडोचा अधिकार द्या.