हळद उतरली, भीती नाही उतरली

टेक्सासहून आलेल्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. “मावशी, लग्नाला सोळा वर्षं झाली, तरी खोलीत दिवा चालू असला की मला चोरी पकडली गेल्यासारखं होतं.”

पत्र लिहिणारी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत वाढलेली. नवराही इथलाच, लहानपणी तालमीत जाणारा. लग्नानंतर दीड वर्ष दोघांत काही होऊच शकलं नाही. पुढे ‘उरकणं’ जमायला लागलं (शब्द तिचाच). मुलगी आता तेरा वर्षांची आहे. तिच्या वर्गातल्या मैत्रिणीनं चर्चमध्ये लग्नापर्यंत पवित्र राहण्याची शपथ घेतली, बोटात अंगठी घातली. मुलगी विचारते, मी पण घेऊ का? आई मला विचारते, “हे चांगलंच आहे ना? मग मला आतून नको का वाटतंय?”

अगं, तुला नको वाटतंय कारण त्या शपथेपुढची गोष्ट तू जगली आहेस. तुझ्या बोटात अंगठी नव्हती, एवढाच फरक.

आपल्याकडे शपथ घ्यायला कुणी लावत नाही. गरजच पडत नाही. ‘बाहेरची’ झालीस की कोपऱ्यात वेगळी चटई, वेगळा तांब्या, लोणच्याच्या बरणीला हात नाही. तुझं शरीर घाण आहे असं आई कधी म्हणाली नसेल, तांब्यानंच ते सांगितलं. वर ‘मुलीची अब्रू म्हणजे काचेचं भांडं’ हे पालुपद. शाळेतही तेच. माझ्या वेळी बाईंनी पुनरुत्पादनाचा धडा “घरी वाचून या” म्हणत संपवला. घरी वाचायचा तो कुणासमोर? भूगोलाच्या वहीत पुस्तक दडवून वाचला. तुझ्या पिढीत फार काही बदललं असं नाही. 2007 मध्ये तर आपल्या राज्यानं शाळांतला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रमच थांबवला. र. धों. कर्व्यांनी याच विषयावर 1927 ते 1953 ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, ते याच महाराष्ट्रात.

आणि मग एका रात्री, ज्या काकूनं जन्मभर ओढणी नीट करायला लावली तीच कानात सांगते, “तो म्हणेल तसं वाग.” अक्षता पडल्या म्हणून चोवीस वर्षांचा ‘नाही’ एका रात्रीत ‘हो’ कसा होणार? शरीराला मुहूर्त कळत नाही.

त्या दीड वर्षाबद्दल तू स्वतःला अजून दोष देतेस, म्हणून सांगते. तू लिहिलंयस त्यावरून तो व्हजायनिस्मस असावा. योनिमार्गाभोवतीचे स्नायू आपोआप आवळून बसतात. डोळ्यासमोर काही आलं की पापणी मिटते ना, तसंच. बाई हट्ट करत नसते, नवऱ्यावर प्रेम नसतं असंही नाही. कित्येकींना डॉक्टरनं तपासतानाही हेच होतं. यावर उपचार आहेत: ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी, हळूहळू सराव करायची साधनं, समुपदेशन. आजही दुखत असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. जंतुसंसर्ग, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं), कोरडेपणा अशी दुसरी कारणंही असतात, सगळं संस्कारांवर ढकलू नये.

आता तुझ्या नवऱ्याचं. तू लिहितेस, झालं की तो लगेच उठून अंघोळीला जातो आणि तुला वाटतं त्याला तुझी किळस येते. मला तसं वाटत नाही. पहाटे पाचला हौद्यातली लाल माती अंगाला लावून जोर मारणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या पोराला वस्ताद काय सांगतात? लंगोटाला सच्चा राहा. शिवाय चाळीस थेंब रक्तापासून वीर्याचा एक थेंब होतो, तो गेला की ताकद गेली. मी तालमींची टिंगल करत नाही हं. माझे काका पैलवान होते, त्यांच्यासाठी थंडाईचे बदाम मी वाटलेत. ती शिस्त पोराला व्यसनांपासून दूर ठेवते. पण रक्ताचा तो हिशेब साफ खोटा आहे. वीर्य रक्त आटून बनत नाही, शरीर ते सतत तयार करत असतं. झोपेत ते बाहेर पडणं हा वयाचा धर्म, रोग नव्हे. या भीतीनं थकवा, अंगदुखी, नैराश्य घेऊन येणारे पुरुष आपल्या देशात इतके की मानसोपचारतज्ज्ञ नरेंद्र विग यांनी 1960 मध्ये त्याला ‘धात सिंड्रोम’ (धात म्हणजे वीर्य) असं नावच दिलं. म्हणजे तुझा नवरा न्हाणीघरात बहुतेक आपली गेलेली ताकद धुंडाळत असतो. एकदा विचार त्याला. आरोप करू नको, तालमीच्या गोष्टी सांग म्हण. पुरुष तिथून बोलायला लागतात.

दोघांसाठी एक जुना, पण कामाचा उपाय. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधक जोडीनं तो 1970 मध्ये मांडला. काही आठवडे संभोग पूर्ण बंद. फक्त एकमेकांना हात लावायचा: आधी पाठ, खांदे, पाय; छाती आणि खालचा भाग मात्र बऱ्याच दिवसांनी. काहीही ‘पार पाडायचं’ नाही. उरकण्याची सवय त्यामुळे मोडते. लैंगिक समुपदेशक मिळाला तर त्याच्या देखरेखीखाली करा. तुमच्याकडे विमा आहे, तो वापरा. दिवा मात्र बारीक का होईना, चालू ठेवायचा.

लेकीच्या अंगठीकडे येते. तिकडे ही चळवळ 1993 मध्ये सदर्न बॅप्टिस्ट चर्चनं सुरू केली. 2009 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. त्यात शपथ घेतलेली मुलं आणि शपथ न घेतलेली, पण घर-धर्म-विचारांनी त्यांच्यासारखीच मुलं, यांची पाच वर्षांनी तुलना केली होती. दोघांचं लैंगिक वागणं जवळपास सारखंच निघालं. शपथ घेतलेल्यांपैकी 82 टक्के तर “आम्ही घेतलीच नव्हती” म्हणाले. फरक एवढाच की ती मुलं निरोध, गर्भनिरोधक कमी वापरत होती. ज्या गोष्टीची तयारी करणंच पाप, तिची तयारी कोण करणार?

लग्नापर्यंत थांबणं वाईट नाही. थांबून सुखात असलेली जोडपी मी रोज बघते. लेकीला थांबायचं असेल तर थांबू दे, पण ‘तू घाण होशील’ म्हणून नको. तुमच्या राज्याच्या कायद्यातच शाळेनं संयमावर जास्त भर द्यावा असं आहे, म्हणून बाकीचं घरी सांगावं लागेल. शाळेचं साहित्य बघायला माग, तो तुझा हक्क आहे. आणि मराठीत सांग. तुला या अवयवांचे मराठी शब्द शिव्यांतच ऐकू आले असतील, म्हणून तू इंग्रजीत पळतेस. पहिल्यांदा जीभ अडखळेल. अडखळू दे, तिला ते दिसू दे.

जूनमध्ये तुम्ही कोल्हापूरला येणार आहात. आजीकडे असताना पोरीला पाळी आली तर चटई कुठे पडेल, हे आत्ताच ठरवून टाक. आईला फोन कर, आणि तो लेकीच्या देखत कर. आई म्हणेल, “आमच्यात चालत नाही.” तू म्हण, “तिची चटई माझ्याशेजारी पडेल, आणि तांब्या आपला सगळ्यांचाच.”