पॅरिशचा ‘परिसर’ करणाऱ्यांना

प्रश्न असा: कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या ‘सॅकव्हिल पॅरिश’च्या इतिहासाचा अनुवाद करताना ‘चर्चचा परिसर’ लिहिलं तर चालेल का? इंग्रजीत पॅरिश म्हणजे एरवी एका चर्चच्या अखत्यारीतला भाग, म्हणून ही शंका.

नाही. कुठल्या चर्चचा? त्या भागात 1763 मध्ये मॅसॅच्युसेट्सहून बाप्टिस्ट आले, पुढे यॉर्कशरचे मेथडिस्ट आले (दोन्ही वेगवेगळे प्रॉटेस्टंट पंथ), आणि 1843 मध्ये मेथडिस्टांनी तिथे जी शाळा उघडली तिचंच आज माउंट ॲलिसन विद्यापीठ झालं आहे. न्यू ब्रन्सविकमधली पॅरिश ही 1786 च्या कायद्याने पाडलेली काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्ह्याची, पोटविभागणी. तिथले अधिकारी गोरगरिबांची सोय, रस्ते, कुंपणं आणि कोंडवाडा बघायचे. कोंडवाड्याला कोणता पंथ? 1967 मध्ये काउंट्यांचा कारभारच मोडीत निघाला. पॅरिश उरली ती नकाशात आणि जनगणनेत. खरोखर चर्चचीच पॅरिश म्हणायची असेल, तर वसईत ‘धर्मग्राम’ आहे, गोव्यात पोर्तुगीज ‘फ्रेगेझिया’वरून आलेला ‘फिरगज’ आहे. पण हाताशी असलेले शब्द वापरले तर आपण अनुवादक कसले!

मला खरा राग येतो तो ‘परिसर’वरून ‘पॅरिश’ झाला असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांचा. हल्ली हे दर महिन्याला एकदा तरी ऐकायला मिळतं. एक गृहस्थ तर ‘परिषद’पर्यंत पोचले. मूळ शब्द ग्रीक आहे, ‘पारोइकिया’. त्यातला ‘पारा’ म्हणजे शेजारी, जवळ. आपल्या ‘परि’चा ग्रीक भाऊ ‘पेरी’ आहे, ‘पारा’ नव्हे. संस्कृताचा अभिमान असेल तर निदान उपसर्ग तरी नीट जुळवा.

संस्कृत नातं आहेच, आणि ते कितीतरी गोड आहे. ग्रीक ‘ओइकोस’ म्हणजे घर, आणि त्याचा सख्खा नातेवाईक आपला ‘वेश’, घर या अर्थाचा. ‘वेश्म’ त्याच कुळातला. म्हणजे ‘पारोइकोस’ची, शेजारी राहणाऱ्याची, घडण थेट ‘प्रतिवेशी’ची, तोही शेजारीच! उपसर्ग वेगळा, बाकी घर तेच.

इथे बहुतेक कोशकार ‘शेजार’ असा अर्थ देऊन मोकळे होतात. मला ते पटत नाही. शब्द चर्चमध्ये शिरला तो शेजाऱ्याच्या अर्थाने नाही. बायबलच्या ग्रीक भाषांतरात ‘पारोइकोस’ म्हणजे परक्या मुलखात राहणारा, तिथे हक्क नसलेला माणूस. सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळींनी स्वतःला या जगातले असेच तात्पुरते रहिवासी मानलं. याला मराठीत नेमका शब्द आहे: उपरी. वतनी जमीन कसणारा तो मिरासदार, आणि बाहेरून येऊन हक्काविना कसणारा तो उपरी. पेशव्यांच्या कारकुनाला ‘पारोइकोस’ समजावून सांगायला अर्धा मिनिट पुरला असता.

आणि सॅकव्हिलला हा अर्थ असा चपखल बसतो की विचारू नका. चिग्नेक्टोची संयोगभूमी, फंडीच्या उपसागराचं टोक, जगातल्या सर्वांत उंच भरती-ओहोटींचा हा टापू. मिकमॉ लोकांच्या या मुलखात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात अकेडियन, म्हणजे इथे वसाहत करणारे फ्रेंच, आले आणि त्यांनी खाऱ्या दलदलीला बांध घातले. बांधात ‘आबुआतो’ नावाची लाकडी मोरी: ओहोटीला झडप उघडून गोडं पाणी बाहेर, भरतीला झडप आपोआप बंद. गोव्यातल्या खाजणाची, म्हणजे बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीची, मानस नावाची झडप ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळं शिकवायला नको. मग पावसाने मीठ धुऊन जाईपर्यंत दोन-तीन वर्षं थांबायचं. इतकं करून 1755 मध्ये फ्रेंचांचा बोसेजूरचा किल्ला इंग्रजांनी घेतला आणि अकेडियनांना हुसकावून लावलं. त्यांच्या तयार जमिनीवर न्यू इंग्लंडचे लोक बसले, 1772 ते 1775 मध्ये यॉर्कशरचे आले, पुढे अमेरिकन क्रांतीनंतर इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहिलेले निर्वासित. बांध एकाचे, गवत दुसऱ्याचं. मिकमॉ सोडले तर मिरासदार म्हणवून घेण्याची सोय इथे कोणालाच नाही. पॅरिश म्हणजे उपऱ्यांची वस्ती, हे मी म्हणतो ते उगाच नाही. कायदा करणाऱ्यांच्या हे डोक्यातही नसेल, पण शब्दाला कुठे विचारून यावं लागतं?

हां, अनुवादाचं राहिलंच. सरळ ‘सॅकव्हिल पॅरिश’ लिहा. मराठी शब्दच हवा असेल तर ‘महाल’. तालुक्याचा पोटविभाग म्हणून तो आपल्याकडे रुळलेला होता. मात्र 1 जानेवारी 2023 पासून सॅकव्हिल शहर, डॉर्चेस्टर आणि आसपासचा भाग मिळून ‘टँट्रामार’ नावाची नगरपालिका झाली आहे, तेव्हा आजचं वर्णन असेल तर तेही नाव लागेल. ते फ्रेंच ‘तँतामार’वरून आलं, म्हणजे कलकलाट, दलदलीवर उतरणाऱ्या पक्ष्यांचा, असं सांगतात. त्याचा आपल्या ‘टंट्या’शी संबंध नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.