वाचकांचे प्रश्न : खाण थांबलेल्या गावात विद्यार्थ्यांचे काम

प्रश्न : मी कोल्हापुरात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. आमच्या बारा जणांच्या गटाने राधानगरी तालुक्याच्या पश्चिम भागातील, बॉक्साइटची खाण बंद पडलेले एक गाव कामासाठी निवडले आहे. डंपर थांबल्यावर चालकांची, मजुरांची आणि रस्त्याकडेच्या टपऱ्यांचीही मिळकत थांबली आणि तरुण मुले गोकुळ शिरगावला नाहीतर पुण्याला गेली. तेथील महिलांना नाचणीच्या बिस्किटांचा उद्योग सुरू करून द्यावा, असा आमचा विचार आहे. सुरुवात कशी करावी?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तुमची तळमळ मनापासून आवडली, मात्र ‘सुरू करून द्यावा’ या शब्दांचा तुम्ही पुन्हा विचार करावा. खाणही गावाला कोणीतरी बाहेरून सुरू करून दिली होती. साधारण चार टन बॉक्साइटमधून दोन टन अॅल्युमिना आणि त्यातून एक टन अॅल्युमिनियम निघते. सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरून, खाली गेला तो कच्चा माल, आणि त्याचे मोल वाढवणारी सगळी कामे दुसरीकडे झाली. कर्नाटकातील कोलार गोल्ड फील्ड्स (केजीएफ) येथील सोन्याच्या खाणी 2001 मध्ये बंद झाल्या, तेव्हा एकाच मालकावर विसंबलेल्या त्या शहरातील कितीतरी माणसांना रोज रेल्वेने बेंगळुरू गाठून पोट भरण्यावाचून मार्ग उरला नाही. तुमचा उद्योग तुमच्यावरच विसंबून राहिला, तर तुमची परीक्षा संपताच तोही बंद पडेल.

म्हणून पहिले दोन महिने काहीही उभारू नका, कागद वाचा. खाणीखालची जमीन मालकीची, सरकारी की वनखात्याची, हे सातबाऱ्यावरून समजून घ्या. खाणपट्टा घेणाऱ्याने खाण बंद करताना जमीन कशी सावरायची, माती कुठे पसरायची आणि कोणती झाडे लावायची, याचा आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो. तो मिळवून त्यातील प्रत्येक कलम जागेवर जाऊन ताडून पाहा. 2015 मध्ये खाण कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले आणि स्वामित्वधनाशिवायची (रॉयल्टीशिवायची) ठरावीक रक्कम बाधित गावांसाठी तेथे जमा होऊ लागली. पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण आणि कौशल्यविकास या कामांना त्यात अग्रक्रम आहे. आपले गाव बाधितांच्या यादीत आहे का, हे विचारून, ग्रामसभेचा ठराव नीट लिहून देण्याइतके काम तुम्ही केलेत, तरी ते बिस्किटांच्या यंत्रापेक्षा मोठे ठरेल. ठराव मात्र गावानेच मांडला पाहिजे.

आता नाचणीविषयी. काही वर्षांपूर्वी चंदगड तालुक्यातील एका बचत गटाच्या बैठकीला मी बसलो होतो. वहीत नाचणी, गूळ, तूप आणि पिशव्या यांचा खर्च अगदी पैशापर्यंत लिहिलेला होता आणि खाली नफाही काढला होता. ‘मावशी, दळण, भाजणे आणि पाकिटे भरणे यात किती वेळ गेला?’ असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘ते काय, घरचंच काम की.’ चौघींचे तीन दिवस आणि कोल्हापूरला माल आणण्याचे एसटीचे भाडे धरले, तेव्हा तो नफा तोट्यात गेला. त्या खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने असा हिशेब त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्याच हाताने लिहून घ्यावा. मग बिस्किटे करायची, नाचणीचे पीठच विकायचे, की काजू आणि मधाकडे वळायचे, हे त्या स्वतः ठरवतील. गिऱ्हाईक आधी शोधा. राजर्षी शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीत गुळाची पेठ वसवली, ती शेतकऱ्याच्या गुळाला घराजवळ बाजार मिळावा म्हणून.

एक अडचण तुमच्या शिक्षणक्रमातच आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने दोन वर्षांत 240 तास द्यायचे असतात आणि विशेष शिबिर सात दिवसांचे असते. सात दिवसांत गावाची ओळखही धड होत नाही. तुमच्या बारांपैकी निम्मे तरी पुढच्या वर्षीच्या तुकडीतले घ्या, आणि हिशेबाची वही, अर्जांच्या प्रती व कोणाशी काय बोलणे झाले याची नोंद गावातील एखाद्या मुलीकडे ठेवा, विभागाच्या कपाटात नव्हे.

प्रश्न : आमच्या गावच्या जुन्या खाणीच्या खड्ड्यात पावसाळ्यात पाणी साठते. विद्यार्थ्यांच्या मदतीने तेथे मत्स्यपालन करता येईल का?
– एक माजी डंपरचालक, शाहूवाडी तालुका

उत्तर : लगेच बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्ले, सोडू नका. जांभ्याच्या खडकातून पाणी झिरपते. भाद्रपदात भरलेला खड्डा फाल्गुनापर्यंत टिकतो का, हे आधी पाहिले पाहिजे. खड्ड्यात खुणा केलेला एक खांब रोवून दर पंधरवड्याला पाण्याची उंची लिहायला विद्यार्थ्यांना सांगा, आणि पाण्याची आम्लता व त्यातील प्राणवायू त्यांच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. जमिनीच्या मालकाची लेखी परवानगीही लागेल. खड्ड्याच्या उभ्या कडेला कुंपण घालण्यासाठी मात्र वर्षभर थांबू नये. तेथे गुरे चरतात आणि मुले पोहायला जातात.